‘हॅरोइंग’साठी कोणता कोश उघडावा? एका शब्दावर घेतलेली कोशांची परीक्षा

गोव्यात मराठीतून बातमी लिहिणाऱ्याला, अनुवाद करणाऱ्याला किंवा शिकवणाऱ्याला इंग्रजी टाळता येत नाही. सरकारी पत्रक इंग्रजीत येते, न्यायालयाचा निकाल इंग्रजीत येतो, समुद्रात उलटलेल्या ट्रॉलरवरून वाचलेल्या खलाशांचे निवेदनही आधी इंग्रजीतच हाती पडते. अशा मजकुरात ‘हॅरोइंग’ (harrowing), म्हणजे जिवाला यातना देणारा, हा शब्द अनेकदा भेटतो, आणि मराठीत उतरताना तो बहुतेक वेळा ‘भयानक’, ‘त्रासदायक’ नाहीतर ‘अस्वस्थ करणारा’ होऊन बसतो. तिन्ही शब्द जवळपासचे आहेत आणि तिन्ही कमी पडतात.

कोश विकत घेताना लोक पाने मोजतात, वेष्टनावरची शब्दसंख्या वाचतात. त्याने फारसे काही कळत नाही. एक अवघड शब्द मनात धरावा आणि दुकानात उभ्या उभ्या तो प्रत्येक कोशात काढून बघावा, ही पद्धत जास्त भरवशाची. ‘हॅरोइंग’ त्या कामाला उत्तम आहे. तो रोजच्या वापरातला आहे, त्याच्या मागे शेतीचे एक अवजार आहे, त्याच अक्षरांचे दुसरे एक क्रियापद वेगळ्याच मुळातून आलेले आहे, आणि मराठीत त्याला एक नेमका शब्द असूनही तो कोश पाहणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही. या सगळ्यातून कोश किती वाट दाखवतो, एवढेच इथे तपासले आहे.

उच्चार आणि स्पेलिंग आधी उरकू. हॅ-रो-इंग, तीन अवयव, जोर पहिल्यावर. ‘हॅरोविंग’ असे लिहिलेले दिसते. ते डब्ल्यू अक्षर पाहून केलेले लेखन आहे. स्पेलिंगमध्ये आर दोनदा येतो. एकच आर टाइप केला की फोन आपल्या मनाने दुसराच शब्द सुचवतो आणि घाईत तो तसाच छापला जातो.

आता मूळ. ‘हॅरो’ म्हणजे नांगरट झालेल्या जमिनीवरून ओढायचे दातेरी अवजार. लाकडी किंवा लोखंडी चौकट, तिच्या खालच्या बाजूला खिळ्यांसारखे दात. नांगराने उलथलेली ढेकळे हे दात फोडतात, मुळ्या उपसून वर काढतात, पेरलेल्या बियांवर माती ओढतात. हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत ‘हार्वे’ अशा रूपात होता आणि बहुधा जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या, ‘हेर्फी’वरून तो तिथे आला. अवजाराच्या नावावरून क्रियापद झाले, आणि १६००च्या सुमारास ते क्रियापद मनाला लागले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पहिल्याच प्रवेशात भूत पाहून हॅम्लेटचा मित्र होरेशिओ म्हणतो की हे दृश्य मला भयाने आणि आश्चर्याने ‘हॅरो’ करते आहे. पुढे पाचव्या प्रवेशात भूत हॅम्लेटला सांगते की माझ्या हकीकतीतला हलक्यातला हलका शब्दही तुझ्या आत्म्याला ‘हॅरो अप’ करील. लोखंडी दात मातीऐवजी जिवावरून फिरतात, ही प्रतिमा तिथे अगदी उघडी दिसते.

याच ओळीत कोशकारांना आवडेल अशी एक गंमत आहे. १६०३च्या पहिल्या क्वार्टो प्रतीत (सुट्या नाटकाची लहान आकाराची छापील प्रत) होरेशिओच्या तोंडी ‘हॅरो’ नसून ‘हॉरर’ हा शब्द क्रियापदासारखा छापलेला आहे. १६२३च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या मोठ्या आकाराच्या एकत्रित आवृत्तीत, ‘हॅरो’ आहे. म्हणजे आज विद्यार्थी ‘हॅरोइंग’ आणि ‘हॉरिफाइंग’ यांत जो घोटाळा करतात, तोच घोटाळा चारशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या छापखान्यातही झाला होता. चुकीबद्दल विद्यार्थ्याला रागावण्याआधी ही गोष्ट सांगावी. शब्द कायमचा डोक्यात बसतो.

या अवजारापाशीच इंग्रजी-मराठी कोशांची पहिली अडचण येते. ‘हॅरो’ला ते ‘कुळव’ हा प्रतिशब्द देतात. शेतीच्या मजकुरापुरते ते ठीक आहे, कारण दोन्ही अवजारे नांगरटीनंतर जमीन भुसभुशीत करतात. पण कुळवाची रचना निराळी. कुळवाला दिंडाखाली, म्हणजे आडव्या लाकडी ओंडक्याखाली, लोखंडी पास असते, आडवे धारदार पाते. ते मातीच्या खालून सरकते आणि तणाची मुळे कापत जाते. वरून पाहिले तर जमीन हलल्यासारखी दिसते, ओरबाडल्यासारखी नाही. इंग्रजी हॅरोचे दात वरून खाली रुततात आणि ओरखडे काढत जातात. म्हणून ‘कुळव’ हे मूळ सांगून विद्यार्थ्याला ‘हॅरोइंग’ची प्रतिमा समजावता येत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पास येते, दात येत नाहीत. ‘दाताळे’ म्हटले तर चित्र लगेच उभे राहते. गोव्याच्या सरद, म्हणजे पावसाळी, शेतीत तर कोरडी कुळवणी क्वचितच दिसते. पावसात भाताच्या वाफ्यात पाणी साठवून चिखलणी होते, मग फळी फिरवून वाफा सारखा करतात. कृषी खात्याच्या इंग्रजी पत्रकातले ‘टू प्लाउइंग्ज अँड वन हॅरोइंग’ इथल्या भातशेतीसाठी असेल, तर मूळ कृती कोणती ते विचारूनच मराठी करावे. डोळे मिटून ‘कुळवणी’ लिहिले की काणकोणचा शेतकरी वाचता वाचता थबकतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ‘हॅरोइंग ऑफ हेल’ हा शब्दप्रयोग गोव्यात कानावर येण्याची शक्यता महाराष्ट्रापेक्षा जास्त, कारण इथे गुड फ्रायडे आणि ईस्टर गावोगाव पाळले जातात. क्रूसावरच्या मृत्यूनंतर आणि पुनरुत्थानापूर्वी ख्रिस्त अधोलोकात उतरला आणि तिथल्या पुण्यात्म्यांना त्याने सोडवले, ही ती श्रद्धा. इथला ‘हॅरो’ दातेरी अवजाराचा नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘हेर्गियन’चा, म्हणजे फौज घेऊन लुटणे, धाड घालणे या क्रियापदाचा वंशज आहे, आजचे ‘हॅरी’ हे क्रियापद त्याचेच. ‘हेरे’ म्हणजे सैन्य, जर्मनमधले ‘हीर’ त्याच कुळातले. त्यामुळे ‘नरकाची विदारक कथा’ असा अनुवाद साफ चुकतो. ‘नरकावरची स्वारी’ किंवा ‘अधोलोकातून सुटका’ म्हणावे लागते. जो कोश ही दोन क्रियापदे वेगळ्या नोंदींत ठेवतो तो विश्वासाचा. जो एकाच नोंदीत क्रमांक एक, क्रमांक दोन असे अर्थ लावून मोकळा होतो, त्याने दोन अनोळखी माणसांना भाऊ ठरवलेले असते.

लंडनजवळचे हॅरो, जिथल्या शाळेत जवाहरलाल नेहरू शिकले, त्याचा या दोघांशीही संबंध नाही. ते गावाचे नाव जुन्या इंग्रजीतल्या ‘हेअर्ग’वरून, म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माच्या देवस्थानावरून आले आहे.

इतके कळले की कोशांकडे वळता येते.

सर्वात जास्त खपणारे शालेय इंग्रजी-मराठी कोश या परीक्षेत अर्ध्यावर थांबतात. त्यांची बलस्थाने खरी आहेत. शब्द लवकर सापडतो, छपाई मोठी असते, मराठी अर्थ लगेच मिळतो, वीज किंवा इंटरनेट लागत नाही. पण नोंदीत विशेषणाला चिकटणारे नाम नसते. ‘व्यथित करणारा, क्लेशदायक’ एवढेच वाचून मूल ‘माय टीचर इज हॅरोइंग’ असे वाक्य करते. व्याकरण बरोबर, इंग्रजी चूक. ‘हॅरोइंग’ हे अनुभवाला, हकीकतीला, प्रवासाला, साक्षीला, दृश्याला, तपशिलाला लागते. माणसाला सहसा लागत नाही. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याच्यासाठी ‘हॅरोड’ हे रूप आहे, तेही बहुतेक चेहऱ्यापुरते: ‘अ हॅरोड लुक’. ‘आय ॲम हॅरोइंग’ म्हणणे म्हणजे मीच इतरांना पिळवटून काढतो आहे असे म्हणणे. शालेय कोश घ्यायचाच असेल, तर नोंदीखाली निदान एक उदाहरणवाक्य आहे का ते पाहून घ्यावा. वाक्य नसेल तर पाचवी ते आठवीपर्यंत तो चालेल, पुढे नाही.

शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश इथे खूप पुढे आहेत, आणि त्यांत कोलिन्सचा कोबिल्ड या शब्दासाठी पहिला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कामातून १९८७ मध्ये तो निघाला. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात घालून त्यावरून नोंदी लिहिल्या गेल्या. त्याची व्याख्या पूर्ण वाक्यात असते. ‘हॅरोइंग’खाली सुटा अर्थ न देता तो सांगतो की हॅरोइंग अनुभव हा अत्यंत व्यथित किंवा अस्वस्थ करणारा असतो. ‘अनुभव’ हे नाम व्याख्येतच बसवलेले आहे. वाचणाऱ्याला वेगळा नियम पाठ करावा लागत नाही. शब्द कुठे वापरायचा हे अर्थ वाचतानाच कळते. कोलिन्सच्या मोफत संकेतस्थळावर ही नोंद मिळते. फोनवर पाहणार असाल तर पान उघडल्यावर ‘कोबिल्ड’ असे लिहिलेली नोंद शोधा, कारण त्याच पानावर खाली कोलिन्सचे दुसरे कोशही लागतात आणि त्यांच्या व्याख्या जुन्या, तुटक पद्धतीच्या असतात.

केंब्रिजची नोंद लहान आहे पण त्यात एक मोलाची गोष्ट आहे: दुःखयातनांशी संबंध असल्यामुळे अत्यंत व्यथित करणारे, असे ती सांगते. हा ‘यातना’ शब्द महत्त्वाचा. भीतीदायक लिफ्ट ‘हॅरोइंग’ नसते, त्या लिफ्टमध्ये अडकून माणसांनी काढलेली रात्र असू शकते. मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकी कोश तीव्र वेदनादायक म्हणून थांबतो. बरोबर आहे, पण शिकणाऱ्याला त्यातून वापर कळत नाही. अनुवादकाने कोबिल्ड आणि केंब्रिज या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की इंग्रजी बाजू जवळपास पूर्ण होते. वेळ दोन मिनिटांचा.

फोनमधल्या भाषांतर-साधनांबद्दल स्पष्ट मत असे: सुटा शब्द त्यांना कधी देऊ नये. ‘हॅरोइंग’ एवढेच टाइप केले की यंत्राला शेत आणि माणूस यांतले एक निवडावे लागते, आणि निवड कशावरून केली ते ते सांगत नाही. पूर्ण वाक्य द्यावे, आधीचे एक वाक्य जोडून द्यावे, आणि उत्तरातले विशेषण घेऊन पुन्हा मराठीतून इंग्रजीत उलटे भाषांतर करून बघावे. उलट्या भाषांतरात ‘ट्रबलसम’ किंवा ‘अनॉइंग’ आले तर समजावे की पहिल्या वेळीच धार गेली आहे. मसुदा तयार करण्यापुरते हे साधन कामाचे आहे. छापायच्या शब्दाची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

मुळाचा शोध घ्यायचा असेल तर दोन ठिकाणे. ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम १९२८ मध्ये पुरे झाले आणि १९८९ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे. त्यात दोन ‘हॅरो’ क्रियापदांच्या नोंदी स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक अर्थाखाली कालानुक्रमे उद्धरणे आहेत. या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण याच कोशाला. अडचण पैशाची: संकेतस्थळाची वर्गणी एकट्या शिक्षकाला किंवा छोट्या दैनिकाला जड जाते. दुसरे ठिकाण डग्लस हार्पर यांनी उभारलेला ऑनलाइन व्युत्पत्तिकोश. तो मोफत आहे, नोंदी छोट्या आहेत, जवळच्या शब्दांकडे जायचे दुवे आहेत. तिथे ‘हॅरो’वरून निघून ‘हर्स’पर्यंत जरूर जावे. गोव्यात शववाहिकेला सगळे ‘हर्स व्हॅन’ म्हणतात. हा ‘हर्स’ फ्रेंच ‘एर्स’वरून आला, आणि ‘एर्स’ म्हणजे दातेरी अवजारच, फक्त लॅटिन घराण्यातले. चर्चमध्ये मेणबत्त्या लावायची टोकेरी चौकट त्या अवजारासारखी दिसे म्हणून तिला ते नाव पडले, ती चौकट शवपेटीवर उभारली जाई, तिथून नाव शवपेटीला आणि शेवटी गाडीला लागले. तालमीला म्हणतात ती ‘रिहर्सल’ही तिथलीच: एकदा फिरवलेले दाताळे पुन्हा फिरवणे. ‘हॅरो’ आणि ‘हर्स’ हे शब्द एका मुळाचे नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. अवजार एक, घराणी दोन.

आता मराठी बाजू, जिथे बहुतेक कोश कमी पडतात. ‘डिस्टर्बिंग’, ‘अनसेटलिंग’, ‘डिस्ट्रेसिंग’, ‘हॉरिफाइंग’, ‘हॅरोइंग’ या पाचही शब्दांखाली ‘अस्वस्थ करणारा, भयानक, त्रासदायक’ यांची आलटून पालटून भरती केलेली असते. आपल्याकडे ‘डिस्टर्ब’ मराठीच झालेला आहे. ‘त्याला डिस्टर्ब करू नको, अभ्यास करतोय’ असे घराघरांत म्हणतात. त्यामुळे मराठी कानाला ‘डिस्टर्बिंग’मध्ये व्यत्यय ऐकू येतो, आणि इंग्रजी वृत्तवाहिनी जेव्हा पुढची दृश्ये ‘डिस्टर्बिंग’ आहेत असा इशारा देते तेव्हा त्याचे वजन पोचत नाही. लॅटिनमध्येही या शब्दाच्या मुळाशी खळबळ, गोंधळ आहे. ‘अनसेटलिंग’ त्याहून हलका: काहीतरी बिनसले आहे पण काय ते कळत नाही. ‘हॉरिफाइंग’मध्ये भय आणि शहारा, तो क्षणात येतो, ‘हॉरर’च्या लॅटिन मुळाचा अर्थच अंगावरचे केस उभे राहणे. ‘ग्रूसम’ शरीराच्या चिरफाडीचा. ‘हॅरोइंग’ या सगळ्यांपासून वेगळा पडतो तो वेळेमुळे. दात एकदाच टोचत नाहीत, ते जमीनभर ओढले जातात. म्हणून क्षणात घडलेल्या स्फोटाला ‘हॉरिफाइंग’ म्हणावे, आणि ढिगाऱ्याखाली कुणी चौदा तास वाट पाहिली असेल तर त्या तासांना ‘हॅरोइंग’.

ही छटा मराठीत आणणारा शब्द आहे आणि तो जुना, घरचा आहे: विदारक. संस्कृतातला ‘दॄ’ हा धातू फाडणे, चिरणे या अर्थाचा. ‘विदीर्ण’ त्यातूनच, आणि डोंगर चिरून झालेली ‘दरी’ही त्यातूनच. हॅरोच्या दातांनी जे जमिनीचे होते तेच ‘विदारक’ने काळजाचे होते. गोव्यात तिसरा पुरावाही हाताशी आहे. जुन्या घरांत पोर्तुगीज कोश असतात. त्यांत या अर्थाला ‘दिलासेरांत’ हा शब्द मिळेल, लॅटिनमधल्या फाडण्याच्या क्रियापदावरून आलेला. इंग्रजी, पोर्तुगीज, मराठी, तिन्ही भाषांनी तीव्र दुःखाला फाटण्याचीच प्रतिमा दिली. त्या जागी ‘भयानक’ लिहिणे म्हणजे हातातला नेमका शब्द टाकून ढोबळ शब्द उचलणे.

‘विदारक’चा दोष एकच, वर्तमानपत्रांनी तो फार झिजवला. रस्त्यावरच्या खड्ड्यांचे ‘विदारक चित्र’, बाजारातल्या भाववाढीचे ‘विदारक वास्तव’. यावर उपाय म्हणजे शब्द टाकून देणे नव्हे, त्याला त्याचे नाम परत देणे: विदारक हकीकत, विदारक साक्ष, विदारक रात्र. बोलीच्या जवळचे हवे असेल तर ‘काळीज पिळवटून टाकणारी’, ‘काळजाला घरे पाडणारी’ हे उत्तम, मात्र मथळ्यात ते मावत नाहीत. ‘हृदयद्रावक’ इथे बसत नाही, त्यात द्रवणे आहे, पाहणाऱ्याला कणव येते. इंग्रजीत त्याच्या जवळ ‘टचिंग’ किंवा ‘मूव्हिंग’ जातात. ‘थरारक’ तर चुकूनही नको. थरारात एक सुख असते. समुद्रात रात्र काढून आलेल्या खलाशाच्या अनुभवाला ‘थरारक’ म्हणणारी बातमी त्याच्या घरच्यांनी वाचायची असते.

गोव्याच्या इतिहासातली दोन उदाहरणे चाचणीला वापरून पाहावीत. फ्रेंच वैद्य शार्ल डेलाँ याने गोव्याच्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या) तुरुंगातले आपले दिवस लिहिले, ते १६८७ मध्ये छापले गेले. इंग्रजीत या लिखाणाला ‘हॅरोइंग अकाउंट’ म्हणणे अगदी चपखल ठरते. मराठीत ‘भयानक वर्णन’ केले तर वाटते की वर्णनच वाईट लिहिले आहे. ‘बंदिवासाची विदारक हकीकत’ केले की विशेषण योग्य जागी बसते. दुसरे, १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह. निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत आले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोळीबाराची घटना ‘हॉरिफाइंग’, जखमी सोबत्याला उचलून माघारी चालत जाण्याची आठवण ‘हॅरोइंग’. एकाच दिवसासाठी दोन शब्द, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

मराठी शब्द पक्का करण्यासाठी मोल्सवर्थचा जुना कोश उलट्या बाजूने वापरावा. १८५७ची त्याची दुसरी आवृत्ती मराठी-इंग्रजी आहे, त्यामुळे ‘हॅरोइंग’ त्यात शोधून सापडणार नाही. आधी मनात तीन-चार मराठी शब्द जमवावेत, मग प्रत्येकाचे इंग्रजी त्यात पाहावे. ज्या शब्दाच्या इंग्रजीत फाडणे, चिरणे येते तो ठेवावा. नुसती भीती येते तो सोडावा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो पूर्ण आणि मोफत आहे. शोधताना देवनागरीत टाइप करावे आणि मूळ रूप द्यावे, ‘विदारून’ किंवा ‘विदारणारी’ नव्हे. इंग्रजीकडून मराठीकडे यायचे असेल तर त्याच परंपरेतला मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश आहे. अवजारे, पिके, माप-तोल यांच्या जुन्या शब्दांसाठी तो आजही उपयोगी पडतो. आधुनिक वापराची छटा मात्र त्यात शोधू नये, पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे.

छापील खंड हाताळायचे असतील तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा संदर्भ विभाग गाठावा. १८३२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातल्या सर्वात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे. जाताना शब्द एकटा घेऊन जाऊ नये. ज्या वाक्यात तो आला ते पूर्ण वाक्य कागदावर उतरवून न्यावे, नाहीतर पाच अर्थ वाचून आपले वाक्य कोणत्या अर्थाचे होते तेच विसरायला होते. संदर्भग्रंथ सहसा घरी नेता येत नाहीत, म्हणून नोंदीतली उद्धरणे उतरवून घ्यायला वही हवी. व्याख्येपेक्षा उद्धरणे आधी उतरवावीत. व्याख्या घरी फोनवरही मिळते.

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर बारावीचा विद्यार्थी आणि वार्ताहर, दोघांनीही कोबिल्डची छापील प्रत घ्यावी. शालेय इंग्रजी-मराठी कोश घरात असेलच, तो टाकू नये, पण विशेषणांसाठी त्याच्यावर विसंबू नये. व्युत्पत्तीसाठी हार्पर यांचे संकेतस्थळ पुरते. प्रत घेताना आवृत्तीचे वर्ष पाहावे आणि ‘एच’चे पान उघडून दोन गोष्टी तपासाव्यात: शेतीचे ‘हॅरो’ आणि मनाचे ‘हॅरोइंग’ वेगळ्या नोंदींत आहेत का, आणि ‘हॅरोइंग’च्या खाली उदाहरणाचे वाक्य आहे का. दुकानदार प्लास्टिकचे वेष्टन काढू देत नसेल तर दाखवायची प्रत मागावी, ती बहुधा काउंटरच्या मागे असते.